डावी पेटी

बातमी मला कुणी दिली नाही, ती मलाच द्यावी लागली. संभाजीनगरच्या दवाखान्यात जिन्यापाशी उभं राहून मी टेंभुर्णीला धाकट्या दिरांना फोन लावला. "भाऊजी, तुमचे दादा गेले," एवढंच म्हणाले. पलीकडे ट्रॅक्टर चालू होता, तो त्यांनी बंद केला. "निघून राह्यलो, वहिनी. तुम्ही सकाळपासून काही खाल्लं का?" मी खाल्लं होतं. उपाशी राहून कुणाचं भलं होत नाही. त्याला आता काही आठवडे झाले. प्रभाकरविषयी, माझ्या नवऱ्याविषयी लिहायला बसले, तर आधी आठवतात त्या आमच्या बैठकीतल्या दोन जुन्या लाकडी पेट्या, म्हणजे स्पीकर.

प्रभाकर जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत उगवण तपासायचे. घर भोकरदनला, त्यामुळे रोजची एसटी. ओल्या कागदावर दाणे मांडायचे आणि उगवले नाहीत तर दोष बियाण्यात आहे, पाण्यात की कागदात, ते शोधायचं. त्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा नियम. घरीही तोच. भाजी बिघडली तर मिठाची चौकशी आधी, तिखटाची नंतर. पेट्यांचंही तसंच. प्रत्येक पेटीत खाली मोठा स्पीकर, वर छोटा. आत क्रॉसओव्हर नावाची एक छोटी पाटी असते, ती जाड आवाज खाली पाठवते आणि बारीक वर. "आपली चाळणीच समज," ते म्हणायचे. लोक ॲम्प्लिफायरपासून पेटीपर्यंत वायरची एकच जोडी ओढतात. यांनी पेटीमागच्या, वरचा-खालचा जोडणाऱ्या पितळी पट्ट्या काढून वरच्या स्पीकरला वेगळी जोडी ओढली, खालच्याला वेगळी. याला बायवायरिंग म्हणतात हे मला पुढे कळलं; त्यात झाडू अडकतो हे आधी कळलं.

"एवढ्या वायरींनी आवाज सुधारला का?" मी विचारलं होतं.

"खरं सांगू? मला बी काही फरक कळत न्हाई. पण एक जोडी उपसली की नुसता वरचा वाजतो, दुसरी उपसली की नुसता खालचा. बिघाड जल्दी सापडतो."

"म्हणजे बिघडायचीच वाट बघून राह्यलात."

हे काम एकट्याचं नव्हे. पेटीच्या मागे बसलं की बारीक आवाज ऐकूच येत नाही, तो समोर जातो. म्हणून ते मागे, हातात पेचकस, आणि मी समोरच्या वेताच्या खुर्चीत, मांडीवर मेथीची जुडी. एका भजनी मंडळाची सीडी लावलेली, कारण तिच्यात झांजा बऱ्याच. मागून आवाज यायचा, "आलं का?" मी म्हणायची, "आलं." "आता गेलं का?" "गेलं." आमच्या संसारातलं निम्मं बोलणं हेच असावं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी एका रविवारी ते म्हणाले, डाव्या पेटीतून झांज येत नाही. मी खुर्चीत बसून बघितलं. मला येत होती. "तुला काय, भांडं पडलं तरी चारी बाजूंनी ऐकू येतं," ते म्हणाले. आधी क्रॉसओव्हरवर संशय. जुन्या पेट्यांत त्यावरचा कपॅसिटर नावाचा छोटा भाग सुकतो, तो बदलला. डावीकडे झांज नाहीच. मग पेट्यांच्या जागा बदलल्या. तरी डावीकडेच नाही. वायरी बदलल्या, ॲम्प्लिफायरमागची डावी-उजवी बदलली. चहा दोनदा निवला. शेवटी बदलायचं काही उरलं नाही, तेव्हा ते उठले, खुर्ची उलटी फिरवली आणि पेट्यांकडे पाठ करून बसले. उजवी पेटी आता डाव्या हाताला आली.

"आता उजवी बंद झाली," ते म्हणाले. "पेट्या बराबर आहेत."

"मंग?"

त्यांनी डाव्या कानावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी त्यांना संभाजीनगरला नेलं. कानामागे आत गाठ होती, आणि ती साधी नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, एकाच कानाचं आहे हे कसं ओळखलंत? "क्रॉसओव्हर बघितला, वायरी बघितल्या, मंग इथं आलो," प्रभाकर म्हणाले. डॉक्टरांना काही कळलं नाही. मला हसू आलं आणि ते मी तिथंच आवरलं.

ऑपरेशनमध्ये डावा कान पूर्ण गेला. एका कानानं डावं-उजवं कळत नाही, सगळं एकाच बाजूला येऊन पडतं. मला वाटलं आता पेट्या विकतील. त्याऐवजी त्यांनी मला कामाला लावलं. चालताना तोल जायचा, तरी भिंतीला धरून पेटीमागे जाऊन बसायचे. "गाणारा मधोमध आहे का?" "थोडा उजवीकडे सरकलाय." "आता?" "आता मधोमध." मला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण त्या वर्षात मी ऐकायला शिकले. त्यांना दुसरा कान हवा होता, आणि माझे दोन्ही रिकामेच होते. "मी आहे तोवर डावी बंद पडू द्यायची न्हाई," ते म्हणायचे.

गाठ परत आली. शेवटच्या आठवड्यात ते फारसं बोलत नव्हते. एकदा डोळे उघडून विचारलं, "डावी वाजते का?"

"वाजते."

"तपासलंस?"

"तपासलं." कपडे आणायला मी घरी गेले होते तेव्हा खरंच लावून बघितलं होतं. उगीच बरं वाटावं म्हणून काही सांगायची मला सवय नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी डोळे मिटले.

तेरावा झाला, माणसं पांगली. बैठक मोकळी करताना कुणीतरी पेट्या कोपऱ्यात ढकलल्या होत्या. मी त्या जागेवर आणल्या आणि झांजांची सीडी लावली. डावीकडून झांज येत नव्हती. नुसता जाड आवाज... मी उठून आधी खुर्ची उलटी फिरवली. त्यांनी शेवटी केलं होतं ते मी आधी केलं. पाठ करून बसले. बंद होती ती तीच पेटी. माझे कान ठीक होते. हे कळून बरं वाटायला हवं होतं.

खुर्ची सरळ केली आणि पेचकस घेऊन पेटीमागे गेले. वरच्या जोडीतली एक वायर ओढली जाऊन सुटली होती. ती आत सरकवली, पेच आवळला, आणि खाली मान घातल्या घातल्याच विचारलं, "आलं का?"

सीडी चालू होती. मागून मला फक्त मृदंग ऐकू येत होता.

मग भिंतीला धरून उठले, समोर जाऊन खुर्चीत बसले. डावीकडून झांज येत होती, स्वच्छ.

"आलं," मी म्हणाले. पेटीच्या मागे ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं.