आठ आणि सात, तीस

मल्लिनाथ मास्तर तामलवाडीच्या शाळेत दुसरीला शिकवत. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि आकडे मात्र मनातल्या मनात कानडीतच. बहात्तरच्या दुष्काळात ते म्हणायचे, बेरीज तेवढी शिकवावी लागते. वजाबाकी पोरं घरूनच शिकून येतात.

एकक-दशकासाठी ते बाभळीच्या काड्या वापरत. सुटी काडी म्हणजे एकक, गठ्ठा म्हणजे दशक. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे ते घरूनच बांधून आणत; वर्गात वेळ जायला नको. बाकीची पोरं काड्या सरकवून बोटांवर मोजत. पिराजीची मालन तेवढी काड्यांनीच गणित करी, आपले गठ्ठे आपण बांधून.

आणि तिचं गणित चुके. सगळंच चुकलं असतं तर एक वेळ समजलं असतं. दोन नि दोन चार, बरोबर. चार नि तीन बारा. आठ नि सात तीस. विचारलं तर ती घाबरत नसे. तीन गठ्ठे, सुटी एकबी न्हाय, म्हणे. मास्तर पाटी पुसायला लावत. पुन्हा तीस. पोरगी अंदाजानं ठोकत असती तर एकदा तरी एकतीस आले असते.

पिराजी सोसायटीच्या चारा डेपोवर कडबा उतरवी. एके दिवशी तो शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. बायको खडीच्या कामावर होती, तान्हं पोर तिथंच झाडाखाली पडून असे. मालनला येत नसेल तर सोमवारपासून तिला पोराजवळ बसवायचं त्याच्या मनात होतं.

"येतंय का न्हाय तेवढं सांगा," तो म्हणाला. "तुमी म्हणाल तसं."

मास्तरांनी शनिवारपर्यंत मुदत मागितली.

शनिवारी ते फळा सोडून मालनशेजारी खाली बसले. आठ नि सात. तिनं काड्या ओढल्या. पाच झाल्या, की सुतळी. पुन्हा पाच, पुन्हा सुतळी.

"अगं, पाचच?"

"पाचुंदा पाचाचाच असतोय, गुरुजी."

डेपोवर कडब्याच्या पेंढ्या पाच-पाचानं मोजत. बापाजवळ बसून ती तेच शिकली होती. मास्तरांनी आपला गठ्ठा पोरांसमोर कधी बांधलाच नव्हता. आत किती काड्या, हे तिला कळणार कुठून? त्यांनी तिची जुनी उत्तरं आठवून पाहिली. चार नि तीन: एक पाचुंदा, दोन सुट्या. बारा. सगळी जुळत होती. आनंद मानावा की कपाळाला हात लावावा, त्यांना कळेना.

तेवढ्यात पिराजी आला. येतं, मास्तर म्हणाले. उत्तरं चूक आहेत, पण ती चुकत नाही.

पिराजीनं खाली वाकून काड्या मोजल्या. "तीन पाचुंदे. बराबर हाय की."

"शाळेत गठ्ठा दहाचा असतो."

"का?"

मास्तर सांगायला लागले, माणसाला बोटं दहा असतात म्हणून. सांगता सांगता त्यांनी हात पुढं केला. एकच केला. मग तो मागं घेतला.

"दहाचाच असतो," ते म्हणाले.

पिराजीनं एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा मास्तरांकडं.

"तुमचं पक्कं ठरंस्तोवर बसू द्या तिला हितंच," तो म्हणाला, आणि तान्ह्याला आपल्यासोबत डेपोवर न्यायला खडीच्या वाटेनं निघाला.