गिरणीत पाठ झालेलं इंग्रजी

आत्ती काल गेली.
आणि जाताना तिला सगळं माहीत होतं. आम्ही लपवलेलं असूनही.

आत्ती म्हणजे माझ्या पप्पांची थोरली बहीण. मंगळवार पेठेत तिची पिठाची गिरणी. नवरा लवकर गेला, त्यानंतर गिरणी तिनं एकटीनं चालवली. शिक्षण सातवी, मराठी शाळा.

आणि माझं इंग्रजी तिनं पक्कं केलं. चेष्टा करत नाही.

बँकेच्या परीक्षेत मी दोनदा आपटले, दोन्ही वेळा इंग्रजीत. व्होकॅब्युलरी! याद्याच्या याद्या घोकायच्या आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. तिसरा प्रयत्न शेवटचा, मग स्थळं बघायची, असं पप्पांनी जाहीर करून टाकलेलं.

आत्तीनं माझी वही मागितली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून शब्द आणि अर्थ दोन्ही मला मराठी अक्षरांत लिहायला लावले. चार दिवस माझं घोकणं ऐकलं.

मग म्हणाली, "नुसता अर्थ कसा ध्यानात ऱ्हाईल? माणूस बघ आन् त्याला शब्द दे."

झालं. दळणाला येणाऱ्या कुणाचंच काही खरं राहिलं नाही.

ज्वारीवर माझा गहू लावायचा नाही म्हणून अर्धा तास अडून बसणारे रिटायर्ड फौजदार झाले ऑब्स्टिनेट, म्हणजे हट्टी. किलोभर डाळ दळायला आणून अख्ख्या पेठेची खबर देणाऱ्या काकू गॅर्युलस, म्हणजे बडबड्या. प्रोक्रॅस्टिनेट म्हणजे चालढकल करणं. त्याला माणूस शोधायला तिला लांब जावं लागलं नाही, मी समोरच बसले होते.

गिरणी चालू असली की ती ओरडून विचारायची आणि मी ओरडून उत्तर द्यायचे. फौजदारांना एकदा संशय आला. ऑब्स्टिनेट म्हणजे काय, विचारलं त्यांनी. आत्तीनं शांतपणे सांगितलं, निश्चयी. ते खूश होऊन गेले.

मी पास झाले. बँकेत लागले.

पप्पांनी पेढे वाटले. आत्तीनं दुसरी वही मागितली. तुझी परीक्षा संपली, मला आता गोडी लागली, म्हणाली. पुढची सहा वर्षं दर रविवारी मी तिला दहा शब्द नेऊन द्यायचे. साठी ओलांडलेली बाई, भुवयांवर पीठ, आणि माझा डबा नीट पुसलेला नाही म्हणून मला 'मेटिक्युलस', म्हणजे काटेकोर, हो म्हणून झापायची. माझ्या ऑफिसातल्या भल्याभल्यांना तो शब्द येत नव्हता.

दोन महिन्यांपूर्वी तिच्या पोटात गाठ निघाली. पसरलेली.
घरात ठरलं, तिला सांगायचं नाही. अल्सर आहे म्हणायचं.

डॉक्टर राउंडला आले की मी तिच्या उशाशी उभी राहून त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचे. तिला कळू नये म्हणून.

मी. तिला सहा वर्षं शब्द नेऊन देणारी मी.

डॉक्टर 'डिटिरिओरेट' म्हणाले, म्हणजे खालावत जाणं. 'इनेव्हिटेबल' म्हणाले. आत्ती डोळे मिटून पडली होती. ते गेल्यावर तिनं चहा मागितला.

पुढे आठ दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती स्वतःच सांगत होती, अल्सर आहे, होईल बरं. पप्पा शेजारी बसलेले असायचे ना.

नवव्या दिवशी पप्पा औषधं आणायला खाली गेले, तेव्हा तिनं माझा हात धरला.

"इनेव्हिटेबल. म्हंजे न टळणारं. तूच लिवून दिलंयस की."

एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"आता इंग्रजी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "रडायचं आसंल तर माझ्याम्होरं मराठीत रड."

रडले. ती मला थोपटत राहिली.

मग तिनं पप्पांनाही खरं बोलायला लावलं. आणि मलकापूरच्या मैत्रिणीला बोलावून घे म्हणाली. बारा वर्षं दोघींचा अबोला. कशावरून, ते आता दोघींनाही धड सांगता येईना. बाई दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आल्या. दुपारभर बसल्या, आपल्या हातानं तिला दूध-भाकरी भरवली. निघताना दोघींनी एकमेकींच्या तोंडावरून हात फिरवला.

आमचा अल्सर चालू राहिला असता तर ही भेट झालीच नसती. एवढी काय घाई, बरी झाल्यावर जाऊ, असं आम्ही तिला म्हणालो असतो. हसत हसत म्हणालो असतो.

आत्ती, खरं सांगायचा धीर आम्हाला झाला नाही. तू ते एकटीनं ऐकलंस, आठ दिवस एकटीनं सोसलंस, आणि वर आम्हालाच सांभाळलंस.

तुला शेवटचा नमस्कार.
तुझी भाची