पाइनच्या टाकीत बुडवलेले हात

"ही ॲलर्जी खाण्यातली नाही, तुमच्या टाकीतली आहे," पाठीवरच्या पट्ट्या काढून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आजाराचं नाव ॲलर्जिक कॉन्टॅक्ट डर्मॅटायटिस; म्हणजे एखादी गोष्ट लागून लागून शेवटी कातडीनं तिच्याशी वैर धरणं. मी मान हलवली. मला ते आधीच ठाऊक होतं.

सोलापुरातल्या एका वखारीत मी मिस्त्री आहे. पेट्यांसाठी पाइनचं लाकूड कापतो. ओलं पाइन बुरशीनं निळं पडतं, गिऱ्हाईक माल परत पाठवतं. म्हणून कापल्या कापल्या फळ्या औषधाच्या टाकीत बुडवायच्या. औषध मापानं घालायचं असतं. मी बोटं बुडवून चोळायचो; बुळबुळीत लागलं की झालं. हातमोज्यांत अंदाज येत नाही, म्हणून ते खुंटीलाच.

आधी बोटांच्या बेचक्यात खाज आली. मग फोड, मग चिरा. कालवणात बोट घालवेना.

डॉक्टरीणबाईंनी पॅच टेस्ट सांगितली. संशयित पदार्थ पाठीला चिकटवतात. दोन दिवस अंघोळ नाही. एक पट्टी सुटल्यासारखी वाटायची. बायको गेल्यापासून घरात मी एकटा. पाठ बघायला कोण? आरशापुढे मान मोडेस्तोवर वळायचो.

ओपीडीच्या बाकावर सिद्राम आठवायचा. माझ्या हाताखाली टाकीवर होता. बोटं बुडवायला मीच शिकवलं. त्याचेही हात असेच फुटले, तेव्हा दवाखान्यात मीच नेलं. "काय काम करतो?" डॉक्टरांनी विचारलं. तो तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "तंबाखू-चुना मळतो की दिवसभर." वखारीवर बालंट नको म्हणून. मलम मिळालं, काम तेच राहिलं. शेवटी तो करमाळ्याला, घरी निघून गेला.

निदान झाल्यावर मी त्याच्याकडे गेलो. हात पुढे केले, सगळं सांगितलं.

"तवा का बोलला न्हाय, मिस्त्री?"

"भ्यालो."

त्यानं माझे हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, "धार काढताना माज्या चिरा अजून टोचत्यात म्हणून म्हस लाथ मारती. बायको म्हणती, तुमी तर तंबाखूला शिवत न्हाय, मग म्हशीलाच इचारा तंबाखू कोण खातंय." तो हसला. मला हसू येईना.

"चल माझ्यासंगं. या खेपेला डॉक्टरांना खरं सांगतो."

पुढच्या तारखेला तो आला. डॉक्टरीणबाईंनी कामाचं विचारलं. मी सुरुवात करणार, तोच त्यानं हात आडवा केला.

"तुमी ऱ्हावद्या. माजं मी सांगतो."

तुमच्यापैकी कुणाचे हात असे फुटले असतील, तर औषधाच्या ड्रमवरच्या नावाचा फोटो डॉक्टरांना दाखवा. आणि सोबत कुणाला नेलंत, तर त्यालाच बोलू द्या. सिद्राम बोलत होता, मी बाजूच्या स्टुलावर ऐकत होतो. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला कुणाच्या तरी शेजारी बसल्यासारखं वाटलं.