भिंगबाईंची सही

दवाखान्याच्या मुख्य फार्मासिस्टबाईंना सगळे भिंगबाई म्हणत. त्यांचा कशावरच विश्वास नसे. घरी नवऱ्याने बीपीची गोळी गिळली की त्या म्हणत, "अहो, आ करा बघू." तो बिचारा सव्वीस वर्षं आ करत आला होता.

त्यामुळे कॉम्प्युटरवाल्याने कागद पुढे सरकवला, तरी त्यांनी पेन उघडलं नाही.

"किडनी कमजोर असलेल्याला जास्त डोस लिहिला की पडद्यावर लाल चौकट येते ना बाई, ती सोमवारपासून बंद. शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा डॉक्टर ती झटकून टाकतात. नुसती कटकट! तुमची सही झाली की संपलं."

"बाकीच्यांनी केली?"

"मोठ्या डॉक्टरांनी तर न वाचताच."

"तेच म्हणते मी."

आपण सही करायची आणि कुणाची तरी किडनी जायची! तीन दिवस डबा खाता खाता त्यांनी जुनी प्रिस्क्रिप्शनं चाळली. चौकट झटकताना कारण लिहावं लागे. कुणी नुसतं टिंब दिलेलं, कुणी "माहीत आहे मला." पण दहा मिनिटांनी त्याच डॉक्टरांनी तोच डोस गुपचूप अर्धा केलेला! शंभरातल्या एकसष्ट वेळा! मशीनचं ऐकलं असं दिसायला नको, म्हणून आधी झटकायचं आणि मग आपल्यालाच सुचल्यासारखं करायचं. अगदी सासऱ्यांसारखं: स्वेटर घाला म्हटलं की "नको", आणि पाच मिनिटांनी स्वेटर अंगात.

डॉक्टरांच्या बैठकीत त्यांनी हे सांगितलं. मोठे डॉक्टर कडाडले, "कोण आहेत हे लोक?"

"नावं आहेत. वाचू?"

सगळ्यांना एकदम आपापल्या कपातला चहा फार बघण्यासारखा वाटू लागला. भिंगबाईंनी यादी उघडली आणि थबकल्या. नावं फोडली, तर उद्यापासून हे हट्टाने डोस तसाच ठेवणार, आणि भोगणार पेशंट. त्यांनी यादीची घडी घालून ती पर्समध्ये टाकली.

"नाही वाचत. पण चौकट राहील."

मोठ्या डॉक्टरांनी घसा खाकरून आपली सही खोडली.

दुपारी ते औषधांच्या खिडकीशी आले. "त्या यादीत माझं नाव नसेलच म्हणा."

"छे हो!"

ते वळताच बाईंनी त्यांचं सकाळचं प्रिस्क्रिप्शन उघडलं. कारणाच्या जागी टिंब होतं आणि डोस अर्धा. बाईंनी तरीही तो दोनदा ताडून पाहिला.