पुण्याच्या परीक्षकांचा अभिप्राय

एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. प्रकाशकांकडं परीक्षक म्हणून एक माणूस असतो. तो हस्तलिखित वाचतो आणि घ्यावं की नाही ते दोन पानांत लिहून देतो. त्याचं नाव लेखकाला कधी कळत नाही. असा एक अभिप्राय मी स्वतः लिहिला, पुण्याहून आलाय म्हणून एका बाईंच्या हातात दिला, आणि त्यांनी तो खरा मानला.

मी लेखकांची पुस्तकं प्रकाशकांपर्यंत पोचवतो. कोल्हापुरात हे काम समजावून सांगायचं म्हणजे अर्धा तास जातो. एजंट म्हटलं की "प्लॉटचं का विम्याचं?" हा पहिला प्रश्न. पुस्तकांचा म्हटलं की "शाळंच्या व्हय?" हा दुसरा. माझं ऑफिस पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत आहे. खाली ज्वारी पडली की वर टेबल थरथरायला लागतं. सकाळी डाव्या कडेला ठेवलेली हस्तलिखितं दुपारपर्यंत आपोआप उजवीकडं येतात. एखादं जागचं हललं नाही तर ती जाडजूड कादंबरी समजायची. सगळ्या कागदांवर पिठाचा हलका थर असतो. पुण्याच्या एका संपादकबाईंनी एकदा विचारलं होतं, "तुमचे सगळे लेखक कणीक मळता मळता लिहितात का हो?"

दिवस मजेत जातो. कळंब्याच्या तलावावर फिरायला गेलो की आठच्या ठोक्याला एका निवृत्त अधिकाऱ्यांचा फोन येतो. "काय हालचाल?" त्यांच्या आत्मचरित्राचा तिसरा खंड चालू आहे आणि अजून त्यांची पहिली बदली झालेली नाही. मग एक पैलवान येतात. ते प्रेमाच्या कविता लिहितात. एक ओळ काढूया का, असं मी त्यांना एकदा घाबरत विचारलं. ते म्हणाले, "काढा की. पर कुठली काढायची त्ये माझ्या तोंडाकडं बगून सांगा." ओळ तशीच राहिली.

अशाच एका सकाळी काकी आल्या. साठी ओलांडलेल्या, राधानगरीकडच्या एका गावातल्या, दुधाच्या टँकरच्या ड्रायव्हरशेजारी बसून आलेल्या.

"पावणं, पुस्तकाचं बगणारं तुमीच न्हवं?"

"हो, मीच. बसा की."

"बसतो. पर आदी ह्ये घ्या."

त्यांनी पिशवीतून सहा लांब वह्या काढल्या. गावच्या दूध संस्थेत तीस वर्षं त्या रोज दोन वेळा दूध मापून घेत होत्या, यंत्रावर फॅट काढत होत्या; फॅटवरच दुधाचा भाव ठरतो. "कोण पाणी घालतंय, कोण घालत न्हाय, आनि घालणारं का घालतंय, समदं लिवलंय," त्या म्हणाल्या. "नावं बदलल्यात. पर वळखतील."

"मग भांडणं होतील की, काकी."

"हुतील की! त्याबिगर पुस्तक खपतंय व्हय?"

मी हसलो, चहा मागवला, वह्या ठेवून घेतल्या. आणि वाचल्या नाहीत. अक्षर गिचमिड होतं, आणि दूध संस्थेवर कोण वाचणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. वह्या कपाटात गेल्या. आठवड्यानं फोन आला, "वाचल्यासा?" तेव्हा तोंडातून निघून गेलं, "पुण्याला पाठवल्यात. त्यांचे परीक्षक वाचतायत."

हे आठ महिने चाललं. दर महिन्याला, सकाळचं दूध गोळा करून झालं की काकींचा फोन यायचा. "पुण्याचं माणूस लई सावकाश वाचतंय वं. त्येला चष्मा बदलाय सांगा." मी हसून वेळ मारून न्यायचो. फोन ठेवला की कपाटाकडं बघायचो नाही.

मग एका शनिवारी त्या म्हणाल्या, "सोमवारी टँकरबरोबर येतोय. तुमच्या माणसाचं काय म्हणणं हाय त्ये कागदावर दावा. चांगलं न्हाय म्हटलं असलं तरी चालंल. पर कागद पायजे."

रविवारी सकाळी मी वह्या घरी आणून उघडल्या. बायको स्वयंपाकघरात होती, मटण रटरटत होतं. तिसऱ्या वहीपर्यंत मी इतका हसत होतो की ती पळी हातात घेऊनच बाहेर आली.

"एकटेच काय हसताय?"

मी तिला वाचून दाखवलं. दुधात पाणी सापडलेला एक गडी काकींना शपथेवर सांगतो, "म्हस नदीत लई येळ बसली, त्येला मी काय करू?" बायको हसता हसता खुर्चीत बसली. पुढचं वाचा म्हणाली, मी वाचत गेलो, आणि रस्सा बुडाला लागला. आम्ही तीन वाजता जेवलो. या धंद्यातल्या चौदा वर्षांत एवढं चांगलं हस्तलिखित माझ्याकडं आलं नव्हतं, आणि ते आठ महिने माझ्या कपाटात होतं.

सगळ्यात सुंदर प्रकरण चौथ्या वहीत होतं. ऐन पावसात फॅटचं यंत्र बंद पडतं. रस्ता पाण्याखाली, कोल्हापूरहून दुरुस्तीवाला यायला अकरा दिवस लागतात. ते अकरा दिवस काकी दुधाकडं बघून, आणि आणणाऱ्याच्या तोंडाकडं बघून, अंदाजानं फॅट लिहितात. घरात बाळंतीण असेल तर जरा जास्त. चेअरमनला जरा कमी. कुणाला पत्ता लागत नाही. यंत्र दुरुस्त होतं त्या दिवशी मात्र सगळं गाव कुरकुरतं, की मशीनपेक्षा काकीच बरी हुती. शेवटी एकच ओळ होती: 'हे मी कुणाला बोलले नव्हते, आज लिहिले.'

संध्याकाळी मी अभिप्राय टाइप करायला बसलो. कौतुक आपोआप येत गेलं. वाचून बघितलं तर ते खोटं वाटत होतं. आजवर 'तथापि' नसलेला अभिप्राय मी पाहिलेला नाही. परीक्षक दोष काढणार नाही तर तो कसला परीक्षक! म्हणजे दोष शोधणं आलं. संस्थेच्या वार्षिक सभेचं वर्णन फार लांबलं होतं, ते सांगता आलं असतं. मी यंत्राचं प्रकरण निवडलं. लिहिलं, 'तथापि, यंत्र बंद पडल्याचे प्रकरण लेखिकेच्या सचोटीविषयी शंका निर्माण करते. ते गाळावे.'

परीक्षक कडक वाटावेत म्हणून, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. ते पुरतं खरं नाही. एका बाईनं आपला खोटेपणा सरळ लिहून टाकला होता आणि मी माझा टाइप करत बसलो होतो. ते प्रकरण मला नको होतं. एवढं कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

सोमवारी काकींनी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरलं आणि वाचायला लागल्या. "चांगलं म्हटलंय," त्या म्हणाल्या. "लईच चांगलं म्हटलंय की वं!" चेहरा असा फुलला की मलाही बरं वाटलं. मग बोट 'तथापि'वर आलं आणि थांबलं.

"सचोटी म्हंजे खरेपणाच न्हवं?"

"हो, पण काकी, ते फक्त एक मत असतं. ऐकायलाच पाहिजे असं नाही."

"न्हाय, बरूबर हाय त्येंचं. निस्तं गोड लिवलं असतं तर मी म्हटलं असतं, ह्यात पाणी हाय. जाणकार हाय माणूस." त्यांनी चौथी वही मागितली, मधली पानं शिलाईपासून नीट फाडली, घडी करून पिशवीत टाकली. मी हात पुढं केला नाही.

त्याच दुपारी वह्या खरोखर पुण्याला गेल्या. तीन आठवड्यांच्या आत कणकेवाल्या संपादकबाईंचाच फोन आला. "अहो, हे इतके दिवस कुठं ठेवलं होतं?"

"कपाटात," मी म्हणालो. त्यांना ती गंमत वाटली. त्या खूप हसल्या.

प्रकाशन दूध संस्थेच्या अंगणात झालं. कार्यक्रम संध्याकाळचं दूध घालून झाल्यावर, कारण म्हशी कुणासाठी थांबत नाहीत. संपादकबाईंना फेटा बांधला. अध्यक्ष बोलायला उठले तेवढ्यात मागून एकजण ओरडला, "बावीस पानावरचं पाणीवालं मीच हाय! पयली सही मला!" पुस्तकात जे आले होते ते मिरवत होते आणि जे नव्हते ते रुसले होते. एक म्हातारबा काठी आपटत म्हणाले, "आमी काय कमी पाणी घाटलं व्हय? आमचं एक अक्षर न्हाय!" काकींना हसू आवरत नव्हतं. डोक्यावरचा पदर सावरत त्यांनी माइक घेतला आणि सगळ्यांचे आभार मानले. शेवटी म्हणाल्या, "पुण्याच्या परीक्षक सायबांचं तोंड मी बगिटलं न्हाय. पर खरं कसं लिवायचं, त्ये त्येंनी मला शिकीवलं."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. शेजारी बसलेल्या संपादकबाई माझ्या कानाशी कुजबुजल्या, "कोण हो हे साहेब? आमच्याकडं तर मी एकटीनंच वाचलं."

"असतील कुणीतरी," मी म्हणालो आणि तोंडात अख्खा पेढा घातला.

पहिली आवृत्ती संपली आहे. दुसरीत काही घालायचं असेल तर महिन्याभरात द्या, असा पुण्याचा निरोप आला. मी लगेच काकींना फोन लावला.

"काकी, ते काढलेलं प्रकरण आहे का हो तुमच्याकडं?"

"त्ये व्हय? त्याच दिशी चुलीत घाटलं. अंगुळीचं पाणी तापलं त्येच्यावर. का वं?"

"सहज विचारलं," मी म्हणालो.

ते प्रकरण मला जवळजवळ ओळीनं आठवतं, पण लिहायचा हक्क माझा नाही. ही कबुली छापायला देण्याआधी मला त्यांच्या गावी जाऊन, समोर बसून तीन गोष्टी सांगायच्या आहेत. परीक्षक मीच होतो. वह्या आठ महिने माझ्याच कपाटात होत्या. आणि जे फाडायला लावलं ते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं होतं. मग त्यांनी ते पुन्हा लिहावं म्हणून हात जोडायचे. त्यांनी लिहिलं नाही, तर ते एक प्रकरण मी काकींचं देणं लागतो, आणि ते मला फेडता येणार नाही.