साठ व्होल्ट

आमचे एलिया दाजी नगरच्या एका मिशन दवाखान्यात वायरमन होते. मूळचे सुप्याचे. चालू तारेला बोटाची मागची बाजू लावून वीज आहे की नाही ते सांगायचे, आणि मी दचकलो की माझी टर उडवायचे. मेहुण्याला भित्रा ठरवण्यात त्यांना भारी आनंद.

१९४८ साली दवाखान्यात वेड्यांना विजेचा झटका देण्याची पेटी आली. डोक्याच्या दोन्ही बाजूंना तारा जोडलेल्या छोट्या ओल्या गाद्या लावायच्या, शंभर व्होल्ट, अर्धा सेकंद. शहरातल्या गिरण्या चालू-बंद झाल्या की विजेचा दाब पडायचा, चढायचा. म्हणून दर वेळी काटा बघून दाब जुळवायचं काम दाजींकडे आलं. ते "शंभर" म्हणाले की डॉक्टर बटण दाबत.

मग माझ्या बहिणीची, म्हणजे त्यांच्या बायकोचीच पाळी आली. तान्हं मूल गेल्यापासून मरिया चार महिने कुणाशी बोलली नव्हती. आता तिनं अन्नही सोडलं होतं. झटक्यानं वाचली तर वाचेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

झटक्यानं ती खाली पडू नये म्हणून मी तिचे पाय धरले होते. दाजींकडे नजर गेली. ते पेटीवर वाकून काटा जुळवत होते.

"शंभर," दाजी म्हणाले.

बटण दाबलं. एरवी रोगी तत्क्षणी बेशुद्ध होऊन आकडीत जाई. मरिया शुद्धीवरच राहिली आणि डोळे फाडून किंचाळली. माझे हात सुटले.

डॉक्टरांनी खरं काय ते विचारलं, तेव्हा दाजींना खोटं रेटता आलं नाही.

"साठच ठेवले, सायेब. तिला कमी लागंल वाटलं."

डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. कमी दाबानं शुद्ध जात नाही, नुसत्या वेदना होतात, ते म्हणाले. पुरता झटका आत्ताच द्यावा लागेल. जन्मभर तारा हाताळलेल्या माणसाला कमी म्हणजे बरं असंच वाटणार. हे आज कळतं. तेव्हा मात्र त्यांचं नरडं धरावंसं वाटलं.

तेवढ्यात मरियानं मान वळवली. चार महिन्यांनी ती बोलली, ती नवऱ्याशी.

"अवो, सोडवा मला हितनं."

दाजींनी तिच्याकडे पाठ करून काटा वर नेला.

"शंभर."

या वेळी मी वाकून पाहिलं. शंभरच होते.