खालचं पाणी कुठं जातं

गोविंदतात्यांनी उभा जन्म पानमळ्यात काढला. मिरजेजवळ बेडगेत त्यांचा वीस गुंठ्यांचा मळा. शेवरीच्या झाडांवर चढवलेल्या विड्याच्या वेली, आत सदा गार सावली, आणि आत शिरायचं तर पायताण बांधाबाहेर. लोक म्हणत, मळ्यात देव असतो म्हणून. तात्या म्हणायचे, देवाचं मला ठाऊक न्हाई, पण दुसऱ्याच्या मळ्यातला रोग चपलंला चिकटून येतो.

२०१९च्या जूनमध्ये ते लेकीकडं, उत्तराकडं, हॅमिल्टनला सहा महिने राहायला आले, तेव्हा ऑकलंडच्या विमानतळावर त्यांच्या पिशवीतली पंचवीस पानं काढून घेतली. बुटाचे तळवेसुद्धा उलटे करून बघितले. उत्तरा त्यांना आबा म्हणायची. तिला वाटलं, आबा चिडणार. तात्या म्हणाले, "बराबर हाय त्यांचं. मळ्यात शिरताना बघायलाच पायजे."

उत्तरा २०११ साली इथं शिकायला आली. मग टोमॅटोच्या काचघरात राबली, आणि आता गावाच्या ‘ते रापा’ नावाच्या भागात एका शेडमध्ये तिला काम होतं. औषधाच्या चाचणीसाठी गांजा लावायचा, तोही दिव्यांखाली, सरकारी परवान्यानं. दारावर कॅमेरे, फोन बाहेर ठेवायचा, आत जाताना बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे. तात्यांना त्यातलं बुटाचं तेवढं पटलं. गांजाचं मात्र पचेना. बेडगेकडं उसात चार झाडं सापडली तर पोलीस गाडी घेऊन येतात. फोनवर बायकोला, वासंतीला, त्यांनी सांगितलं, "औषधाच्या रोपवाटिकेत हाय ती." पलीकडून वासंती म्हणाली, "कसल्या औषधाच्या?" तात्या म्हणाले, "खोकल्याच्या."

जुलैत उत्तराचं जेवण कमी झालं. पहिल्यांदाच एक अख्खी खोली तिच्या एकटीच्या हाती दिली होती. सहा-सहाच्या आठ रांगा, अठ्ठेचाळीस कुंड्या. फुलं धरून सहा आठवडे झाले होते, काढणीला तीन राहिले होते, आणि पानं पिवळी पडायला लागली होती. तिचा वरचा साहेब ब्रेट, बोलायला गोड माणूस. त्यानं सांगितलं होतं, शुक्रवारपर्यंत थांबू. पसरलं तर सगळी खोली कापायची.

रविवारी सकाळी ऊन पडलं म्हणून ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. तात्या टोपलीतून एकेक कपडा झटकून देत होते.

"सांग की काय झालंय," ते म्हणाले.

"आबा, तुम्हाला नाही कळायचं. ते कंट्रोल्ड एन्व्हायर्नमेंट असतं."

"असू दे. पान असतंय न्हवं त्याला?"

फोटो आणायला बंदी. मग तिनं पेन आणून जुन्या पाकिटावर पान काढलं, सात बोटांचं. तात्यांनी ते दूर धरून बघितलं.

"आधी खालची पिवळी झाली का वरची?"

"खालची. ती तर सगळ्या रांगांत झालीत."

"ती सोड. म्हातारी पानं हायत. झाड फुलाला लागलं की त्यांच्यातलं काढून वर देतं. आपण तर तसली खुडून बाजाराला लावतो. दुसरं सांग."

दुसरं होतं ते दाराजवळच्या दोन रांगांत. तिथं मधली पानंही पिवळी, टोकं जळून तांबडी, आणि पान राघूच्या चोचीगत खाली वळलेलं.

"दारातनं गार हवा येते म्हणून असेल असं वाटलं," उत्तरा म्हणाली. "पडदा लावला. फरक नाही. मग वाटलं उपाशी आहेत, खत वाढवलं. तर आणखीच जळाली."

"उपाशी पान टोकाला जळतंय व्हय? खाऊन खाऊन झालंय ते." तात्यांनी तिच्याच हातातला टॉवेल घेऊन पिळला. "खालचं पाणी कुठं जातं?"

"कुठलं?"

"कुंडीतनं गळून खाली येतंय ते."

उत्तरा चिमटा हातात धरून थांबली. मग म्हणाली, "ट्रेमध्ये. त्या दोन रांगांचं पाणी वाटेवर यायचं. कुणी घसरेल म्हणून ब्रेट कटकट करत होता, म्हणून मीच खाली ट्रे ठेवले."

"ते उपसतीस?"

"रोज नाही."

"मग तेच परत पितंय. खताचं खारट पाणी, रोज थोडं जास्त खारट. वर तू आणखी खत घालतीयास."

तिनं त्यांच्या हातातला टॉवेल घेऊन दोरीवर टाकला. चिमटा दोरीला लावून झाल्यावर म्हणाली, "माझी चूक. खोलीच्या नोंदीच्या बुकात लिहावं लागेल. गार हवेमुळं झालं असं आधीच लिहिलंय, तेच राहू दिलं तर कुणाला कळणारही नाही. पहिलीच खोली आहे, आबा."

तात्या पायरीवर बसले. थंडीनं गुडघे धरत होते.

"तुज्या लग्नाच्या साली चाळीस वेली गेल्या, आठवतंय?"

"हो. मर रोग आला होता."

"मर न्हवती. मांडवाकडं यायच्या वाटंवर चर होता, मळ्यातलं पाणी काढायचा. पाव्हण्यांच्या पायाला चिखल नको म्हणून मी बुजवला. पुन्हा उकरीन म्हटलं, राहून गेलं. पावसाळ्यात मुळ्या कुजल्या. म्या गावाला मर आली म्हणून सांगितलं. त्यापायी शेजारच्या चंद्रहासानं भ्यून त्याची चांगली वेल उपटून टाकली. दोन वाफं."

"कधी बोलला नाहीत."

"लेकीच्या लग्नाचं असलं बोलायचं असतं व्हय?" तात्यांनी टोपली पालथी केली. "तू लिही."

सोमवारी तिनं ट्रेमधलं पाणी मीटरवर मोजलं. ती देत होती त्या पाण्याच्या तिप्पट खार. ट्रे काढले, कुंड्या विटांवर उचलल्या, साध्या पाण्यानं तीनतीनदा धुऊन काढल्या, आणि बुकात जे होतं ते लिहिलं. ब्रेटनं ते दोनदा वाचलं. गुरुवारपर्यंत नवं एकही पान पिवळं झालं नाही. शुक्रवारी त्यानं सांगितलं, त्या बारा कुंड्या चाचणीतनं बाद, त्या जाळायच्या. बाकीच्या छत्तीस राहतील. दोन आठवडे तिच्या बुकावर त्याचीही सही लागेल.

"पिवळी पानं हिरवी झाली नाहीत मात्र," घरी आल्यावर उत्तरा म्हणाली.

"ती कशाला होतील? पुढची बघायची." तात्यांनी ताट पुढं ओढलं. बऱ्याच दिवसांनी तिनं दुसरी भाकरी घेतली.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी वासंतीला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. मग घसा खाकरून म्हणाले, "उत्तीच्या लग्नाच्या साली मर आली न्हवती. चर बुजवला होता. मीच."

"मला काय नवीन सांगता," वासंती म्हणाली. "चरात टोपल्या मी टाकत होते की मातीच्या. चंद्रहासाला जाऊन सांगा एकदा, आल्यावर."

तात्यांनी फोन दुसऱ्या कानाला धरला. मग म्हणाले, "सांगतो."